नातवाला ससाणा पाळायचाय

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू मोबाइलवर अरबांच्या हातावरचा ससाणा बघून हट्टाला पेटलाय, "आजी, मला तो पाळायचाय." त्याची समजूत कशी काढू?
– एक आजी, बारामती

उत्तर : आजी, हट्ट मोडू नका, नुसता वळवा. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानं असे पक्षी पकडणं, पाळणं गुन्हा आहे, हे त्याला सरळ सांगा. अरबांची परंपरा वेगळी. अमिरातीत तर ससाण्याला स्वतःचा पासपोर्ट मिळतो! हेही सांगा, पोरं असलं काही विसरत नाहीत.

मग एका सकाळी त्याला शेताच्या बांधावर न्या. तुमच्या भागात विजेच्या तारेवर कापशी घार बसलेली दिसेल. कावळ्याहून लहान, राखी-पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. ती पिकावर एकाच जागी पंख फडफडवत हवेत थांबते, पंख वर धरून पायऱ्या उतरल्यासारखी खाली येते आणि एकदम गवतात पडते. वर आली तर पायात उंदीर असेल. नातू कळवळेल. तरी त्याचे डोळे झाकू नका. तिच्या घरट्यात पिल्लं भुकेली आहेत, एवढंच बोला.

दुसरी गंमत हातात घेऊन बघायची. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड राहत असेल, तर त्याच्या बसायच्या जागेखाली अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या सापडतात. ही विष्ठा नव्हे. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं-केस तोंडावाटे टाकून देतं. हातमोजे घालून गोळी कोमट पाण्यात भिजवा, चिमट्यानं हळूहळू सोडवा. इवलीशी कवटी निघते आणि तिचे पुढचे दात चक्क नारिंगी असतात!

एक कळकळीची विनंती. घुबड अपशकुनी, असं त्याच्यासमोर कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. या समजुतीपायी घुबडांना दगड मारून जिवे मारतात.

खरा ससाणा बघायला मात्र सह्याद्रीत जावं लागेल. तिथल्या कड्यांवर शाहीन ससाणा घरटं करतो. भक्ष्यावर झेपावताना ससाण्याच्या या जातीचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. कडेपासून लांब बसा, वाट बघायची तयारी ठेवा. दुर्बीण घेणार असाल तर हलकी घ्या, जड दुर्बीण लहान हातांत हलते.