निजेआधीचा श्वास

बँकेच्या नोकरीत बदली अटळ होय. अधिकाऱ्याची शाखा बदलते, काम तेच राहते. परंतु त्याच्या मुलांच्या वाट्याला शाळा, भाषा, मित्र आणि झोपण्याची खोली असे सारेच एकदम नवे येते. दोन वर्षांपूर्वी माझी साताऱ्याहून भुवनेश्वरला बदली झाली. तोवर आजीच्या कुशीत निजणारी माझी सात वर्षांची मुलगी तेथे दिवा मालवताच उठून बसू लागली. "बाबा, छातीत धडधडतंय," एवढेच ती सांगे. "त्यात घाबरायचं काय?" हे माझे उत्तर किती निरुपयोगी होते, हे कळण्यास मला महिना लागला.

भीती वाटली की अनुकंपी मज्जासंस्था कार्यरत होते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ व जलद होतो, स्नायू ताठरतात. मूल मग त्या धडधडीलाच भिते आणि भीती दुणावते. ठोके इच्छेने थेट कमी करता येत नाहीत. श्वास मात्र आपोआप चालतो आणि इच्छेनेही चालवता येतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात व सोडताना मंदावतात. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती आवरणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचा प्रभाव वाढतो. म्हणूनच "मोठा श्वास घे" हा आपला नेहमीचा सल्ला अपुरा ठरतो. घाबरलेले मूल त्यावर भराभर छाती भरून घेते आणि त्याला गरगरू लागते. सांगावयाचे ते "सावकाश सोड" असे.

मुलाला पाठीवर निजवून पोटावर एखादे हलके खेळणे ठेवावे. आमच्याकडे कापडी हत्ती होता. नाकाने श्वास घेताना हत्ती वर चढतो, ओठांचा चंबू करून हलकी फुंकर घालताना खाली उतरतो. तीन अंक मोजेपर्यंत श्वास, पाच अंकांपर्यंत उच्छ्वास; न जमल्यास दोन आणि तीन. श्वास रोखून धरावयास लावू नये. पाच मिनिटे पुरेत.

आकडे मोजण्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांसाठी भ्रामरी उत्तम. स्वात्मारामांच्या 'हठप्रदीपिके'तील आठ कुंभकांत तिची गणना आहे. मुलांनी त्यातील कुंभक वगळून केवळ भुंग्यासारखा गुंजारव करावा. उच्छ्वास आपसूक लांबतो. माझ्या मुलीला हत्तीपेक्षा भुंगाच अधिक भावला.

मात्र हा सराव दिवसा, मूल आनंदात असताना व्हावयास हवा. ऐन भीतीच्या क्षणी नवी गोष्ट शिकता येत नाही. आवर्त ठेवीप्रमाणे थोडे थोडे आधी जमा करावे, तेव्हा अडचणीत हाती काही येते, असे माझ्यातील बँकवाला म्हणेल!

एक भेद ध्यानी असावा. झोपेच्या पहिल्या काही तासांत किंचाळून उठणारे, डोळे उघडे असूनही आपणांस न ओळखणारे आणि सकाळी काहीच न आठवणारे मूल बहुधा गाढ झोपेतच असते. त्या वेळी श्वासाचे धडे व्यर्थ; त्यास इजा होऊ न देता शांतपणे जवळ थांबावे. जोरात घोरणे, धाप लागणे, किंवा भीतीमुळे शाळा व जेवण यांवर परिणाम होणे, अशी लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांना भेटावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही मानसिक आरोग्यविषयक सल्ला विनामूल्य मिळतो.

आमच्या घरी सुरुवातीचे कित्येक दिवस काहीच साधले नाही. मी शेजारी बसून मोबाइलवर शाखेचे संदेश वाचत "हळू सोड" म्हणत असे, आणि तिचा श्वास माझ्यासारखाच घाईचा राही. अखेर फोन बाहेर ठेवून मी तिच्याजवळ आडवा झालो आणि स्वतःच गुंजारव करू लागलो. थोड्या वेळाने दुसरा भुंगा ऐकू आला. पुढे मार्चअखेरीस एकदा रात्री अकराला थकून घरी पोहोचलो, तेव्हा झोपाळू डोळ्यांनी ती उठली आणि तिने हत्ती माझ्या पोटावर आणून ठेवला.