तोंडी मागणीचं ऑडिट होत नाही

ऑडिटचा आक्षेप मिटवायलाही पैसे लागतात, हे अंदाजपत्रक करताना फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. देवळाली कॅम्पात लष्कराच्या मुलकी कारकुनीत, लेखा शाखेच्या टेबलावर माझी नोकरी गेली. तिथे जे पाहिलं ते नव्याने या टेबलावर बसणाऱ्यांसाठी सांगतो.

एका आस्थापनेच्या गोदामात लेजरमधला साठा आणि प्रत्यक्ष माल जुळेना. ऑडिटवाल्यांनी लिहिलं: वजनकाटा तपासून घ्या, संपूर्ण मोजणी करा, छपराची गळती थांबवा. तिन्ही गोष्टी रास्त होत्या, पण एकीलाही तरतूद नव्हती. "साहेब, वर लिहून टाकू या," असं मी म्हटलं. "अहो, फोनवर बोललोय मी. पैसे नाहीत म्हणाले." विषय संपला. पुढे साहेबांची बदली झाली, पावसाळ्यात आणखी माल भिजला आणि नुकसानीची चौकशी लागली. आधी माहीत होतं का? होतं. मग मागणीचं पत्र कुठे आहे? खुलासा लिहावा लागला नव्या साहेबांना, ज्यांनी ते गोदाम कोरडं असताना पाहिलंही नव्हतं.

पैसे नसणं हा गुन्हा नाही. पैसे मागितल्याची खूण नसणं मात्र अंगाशी येतं.

मागावं कसं, याचा उत्तम नमुना 2018 चा आहे. उपसेनाप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे आकडे ठेवले: आधुनिकीकरणाला मिळाले 21,338 कोटी आणि आधीच ठरलेली देणीच 29,033 कोटींची. गाऱ्हाणं गाण्याऐवजी त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. नवं काय हवंय ते बाजूला राहू द्या, कबूल केलेलंच भागत नाही, हे एवढ्यातच कळलं.

पण नुसतं मागून भागत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत पेंटागॉनच्या पहिल्या संपूर्ण ऑडिटचा निकाल लागला: नापास. तिथे सेनादलांचे प्रमुख दरवर्षी अंदाजपत्रकात न बसलेल्या गरजांची यादी कायद्यानेच तिथल्या संसदेला देतात, तरी 2024 पर्यंतच्या सातही ऑडिटांत स्वच्छ शेरा मिळालेला नाही. यादी दिली की हिशेब आपोआप जुळतो, असं कुणी समजू नये.

आपल्याकडे सुधारित अंदाज पाठवायची वेळ पावसाळा सरता सरता येते. तेव्हाच आक्षेपाचा क्रमांक, लागणारी रक्कम, कोड हेड (खर्चाचं लेखाशीर्ष) आणि काम न झाल्यास होणारं नुकसान एकाच पत्रात घाला. 'कार्यालयीन खर्च' असल्या मोघम मागणीत या कामाचा खर्च मिसळला तर कात्री आधी त्यालाच लागते. छप्पर एमईएसचं (लष्कराच्या अभियांत्रिकी सेवेचं) असेल तर मागणी त्यांच्याकडे वेगळी, आणि तिची प्रत तुमच्या फाइलीत. भांडवली खात्यात शिल्लक आहे म्हणून तिथून महसुली दुरुस्ती करू या, असं कुणी सुचवलं तर कानाआड करा. संसदेच्या मंजुरीवाचून तो पैसा इकडचा तिकडे होत नाही.

मार्चअखेर अचानक निधी उतरला तर हुरळून जाऊ नका. 31 मार्चला न वापरलेलं परत जातं हे खरं, पण शेवटच्या आठवड्यात घाईने उरकलेली खरेदी हा नवा आक्षेप असतो. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली घाई वित्तीय नियमांनाच मान्य नाही. काटा डिसेंबरातच तपासलेला असेल तर बरं, नाहीतर पैसे वेळेत परत करा आणि पुढच्या वर्षी पुन्हा मागा. साठ्याच्या तुटीचे आकडे मात्र साध्या पत्रात लिहू नका. दारूगोळ्याचे तर नाहीच. ते गोपनीय टपालातून, ठरलेल्या साखळीनेच जातात.

वरून 'नाही' आलं तर तेही लेखी मागा. मिळालं नाही, तर फोनवर कोण, कधी, काय म्हणालं याची नोट तयार करून साहेबांची सही घ्या आणि ती आक्षेपाच्या फाइलीत लावा. साहेबांची बदली निघाली की चार्ज देण्याच्या कागदात प्रलंबित आक्षेपांसोबत त्यांच्या न मिळालेल्या निधीचाही तक्ता जोडा. येणारे साहेब आधी त्रासून पाहतील. नंतर पहिल्याच ऑडिटला तोच तक्ता मागवून घेतील.