विमान तराजूत घालून पाहा

जुनी सायकल विकत घेताना तुम्ही काय काय पाहता? चाक फिरवता, ब्रेक दाबता, साखळी सैल आहे का ते पाहता. आता समजा, सायकलीऐवजी जुने विमान घ्यायचे आहे!

अमेरिकेत असे व्यवहार नेहमी होतात. तेथील पायपर कंपनीने १९३८ ते १९४७ या काळात 'जे-३ कब' नावाची दोन आसनांची, पिवळ्या रंगाची छोटी विमाने हजारोंनी बनविली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेले कापड, पुढे दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक लहान चाक, अशी त्यांची घडण. (आपल्याकडील 'पुष्पक' विमानालाही शेपटीखालीच चाक असे.) त्यांतील कित्येक कब आजही उडतात. मात्र पुष्कळांत फेरफार झालेले असतात. कोणी ६५ अश्वशक्तीचे इंजिन काढून ८५ अश्वशक्तीचे बसविलेले असते, कोणी पंखात जादा टाकी घातलेली असते, तर कोणी भलेमोठे टायर लावलेले असतात. जाहिरातीत या गोष्टी मोठ्या अक्षरांत येतात. आपण मात्र आधी विचारावे, 'विमानाचे वजन आज किती आहे?'

का, ते हिशेबाने पाहू. मूळ कबचे रिकामे वजन सुमारे ३४७ किलो. भरलेल्या विमानाला परवानगी ५५३ किलोंची. म्हणजे माणसे, पेट्रोल व सामान यांसाठी २०६ किलो उरतात. मूळ टाकीत सुमारे ४५ लिटर, म्हणजे ३३ किलो पेट्रोल मावते. ७५ किलोंची दोन माणसे बसली, तरी २३ किलो शिल्लक. आता समजा, फेरफारांनंतर रिकामे वजन ४०० किलो भरले. इंजिन बदलले म्हणून ५५३ची मर्यादा आपोआप वाढत नाही. त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. मग उरले १५३ किलो. मूळ टाकी भरली की १२०. दुसऱ्या माणसाला जागाच नाही! तेवढीच जादा टाकीही भरली, तर ८७. दोन आसनी विमान एकट्यापुरते झाले, आणि किंमत मात्र वाढली.

वजन किती याइतकेच ते कोठे आहे यालाही महत्त्व आहे. बैलगाडी जू धरून ओढली तर सरळ येते. तीच जू धरून मागे ढकलून पाहा. जरा कोन चुकला की गाडी भलतीकडेच वळते. शेपटीचाकी विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. धावपट्टीवर विमान थोडे वाकडे झाले, की जडत्व त्याला मागून ढकलून आणखी वाकडे करते. वैमानिकाने पायांनी वेळीच सावरले नाही तर विमान गर्रकन फिरते आणि पंखाचे टोक जमिनीला घासते. गुरुत्वमध्य जितका मागे, तितकी ही खोड वाढते.

तो शोधायला तुमच्या पुस्तकातला तरफेचा नियम पुरतो. शेपटी उचलून विमान समपातळीत धरावयाचे आणि तिन्ही चाकांखाली काटे ठेवायचे. समजा, पुढच्या दोन चाकांवर मिळून ३८० किलो व शेपटीवर २० किलो भार आला, आणि चाकांतील अंतर ५ मीटर आहे. २० गुणिले ५ भागिले ४०० म्हणजे ०.२५ मीटर. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या २५ सेंटिमीटर मागे आहे. आता शेपटीचे चाक ३ किलोंनी जड बसविले तर? २३ गुणिले ५ भागिले ४०३. उत्तर २८.५ सेंटिमीटर. अवघ्या तीन किलोंनी मध्य साडेतीन सेंटिमीटर मागे सरकला! कबच्या गुरुत्वमध्याला हलण्यासाठी सारा मिळून तीसेक सेंटिमीटरचाच पट्टा असतो.

शेपटी खाली टेकलेली, म्हणून आत शिरलेले पाणीही तिकडेच साचते. तेव्हा मागच्या खालच्या नळ्या गंजल्या आहेत का, ते कापडावरील झाकण उघडून पाहावे. पंखाला आधार देणाऱ्या तिरप्या नळ्याही आतून गंजतात आणि बाहेरून रंग छान दिसतो. १९९३ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनाने पायपरच्या अशा नळ्यांची तपासणी सक्तीची केली. ती कधी झाली, ते वहीत पाहावे.

वही म्हणजे विमानाची जन्मापासूनची नोंद. मोठ्या फेरफारांची एक प्रत प्रशासनाच्या ओक्लाहोमा सिटी येथील कार्यालयात असते व ती मागवता येते. ती हाती घेऊन विमानाभोवती फिरावे आणि एकेक वस्तू ताडून पाहावी. पंखात टाकी आहे, पण कागदात नाही, असे आढळले तर तो फेरफार मंजूर होईपर्यंत ते विमान कायद्याने उडविता येत नाही, मग त्याचा पिवळा रंग कितीही ताजा असो.