तीन प्लस

कॅन्सरच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर म्हणून ट्रास्टुझुमॅब देता देता पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. आधी रिपोर्ट, मग औषध. स्तनाच्या कॅन्सरमध्ये साधारण १५ ते २० टक्के जणींच्याच गाठीत हर-टू हे प्रथिन बेसुमार असतं. पेशीच्या अंगावर बसून ते आत सारखा ‘वाढ, वाढ’ असा निरोप धाडतं. ट्रास्टुझुमॅब ही अँटिबॉडी बाहेरून त्याला चिकटते आणि निरोप अडवते. हर-टू वाढलेलंच नसेल तर अडवणार काय? रिपोर्टात हर-टू तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस आलं तर खात्रीसाठी फिश तपासणी. “शेजारच्या काकूंना लागू पडलं, आईलाही द्या ना,” म्हणणाऱ्या मुलापुढे मी हाच कागद ठेवते.

२. कुपी खळखळवायची नाही. ४४० मिलिग्रॅमच्या पावडरीत सोबतचं पाणी हळू सोडायचं, कुपी अलगद गोल फिरवायची, मग पाच मिनिटं हात लावायचा नाही. फेस झाला की सिरिंजमध्ये पुरता डोस येत नाही. नव्या मुलींना हे सांगून पटत नाही, एकदा फेस बघितला की पटतं. पुढे सलाइनच, डेक्स्ट्रोज नाही.

३. पहिला डोस ९० मिनिटांचा. हुडहुडी, ताप येऊ शकतो. नातेवाइकांना आधीच सांगून ठेवावं.

४. केस परत आले म्हणून इको चुकवू नका. हृदयाच्या स्नायूंनाही हर-टूचा निरोप लागतो, म्हणून दर तीन महिन्यांनी टू-डी इको. केमोचं ‘लाल औषध’ आधी झालेलं असेल तर जास्तच जपावं लागतं. “सिस्टर, मला काही होत नाहीये,” हे मी ऐकून घेते आणि रिपोर्ट मागते. पंपिंग घसरलं तर डॉक्टर डोस थांबवतात. बहुतेक जणींचं हृदय सावरतं.

५. पैशाचं पहिल्याच दिवशी बोलावं. औषध वर्षभर, दर तीन आठवड्यांनी. अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. २०१४ मध्ये बायोकॉनचं बायोसिमिलर भारतात आलं, तेव्हा कुठे भाव जरा आवाक्यात आला. पन्नास किलोच्या बाईला नेहमीचा डोस ३०० मिलिग्रॅम. उरलेले १४० मोरीत ओतायचे नसतात. कुपीसोबत आलेल्या जंतुरोधक पाण्यात कालवलेलं औषध फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर २८ दिवस टिकतं, आणि पुढचा डोस एकविसाव्या दिवशी असतो. लेबलावर नाव, तारीख आणि वेळ मात्र ठळक अक्षरात.