कोरे पान कोणाचे?

परीक्षेचे गुण आता संगणकावर चढवले जातात. समजा, एखाद्याचे ४२ गुण रातोरात ६२ झाले. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या यंत्रावरून बदलले, हे कसे कळावे? यासाठी यंत्र प्रत्येक कृतीची नोंद ठेवते. परंतु ती त्याच यंत्रात राहिली, तर लबाडी करणारा तीही पुसू शकेल. म्हणून निरनिराळ्या यंत्रांच्या नोंदी लगोलग एका मध्यवर्ती यंत्राकडे पाठवतात. परळ-गिरगावच्या नोंदी दादरला, असे समजू.

पण मधला संपर्क तुटला तर? मुंबईकराला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये. २६ जुलै २००५ चा पाऊस आपण विसरलेलो नाही. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी तर शहराची वीजच गेली आणि लोकल जागीच थांबल्या. शिवाय लबाड मनुष्य तार मुद्दामही काढू शकतो.

अशा वेळी पहिला नियम असा, की न गेलेली नोंद पाठवणाऱ्या यंत्राने स्वतःच्या डिस्कवर रांगेत ठेवावी. केवळ स्मृतीत ठेवली, तर वीज जाताच ती नाहीशी होते. संपर्क येताच रांग क्रमाने पाठवावी. नोंदीवर वेळ घडल्याची असावी, पोचल्याची नव्हे; त्यासाठी सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत.

दुसरा नियम पोचपावतीचा. यूडीपी पद्धतीत पावती नसते. पत्र पेटीत टाकले, पुढे त्याचे नशीब. टीसीपीत पावती असते, पण ती पत्र शिपायाने घेतल्याची; ते आवक नोंदवहीत चढल्याची नव्हे. म्हणून नोंद जतन झाल्याची वेगळी पावती येईपर्यंत मूळ प्रत पुसू नये. पावतीच वाटेत हरवली तर नोंद दोनदा जाईल. अनुक्रमांक असल्यास जादा प्रत ओळखता येते.

आणि रांगही भरली तर? येथे यंत्राचा नव्हे, माणसाचा निर्णय लागतो. लिनक्सच्या ऑडिट व्यवस्थेत दुर्लक्ष करणे, इशारा देणे, पाठवणे स्थगित करणे किंवा यंत्रच बंद करणे, असे पर्याय आधी ठरवून ठेवता येतात. नोंदीविना व्यवहार नको म्हणून बँक यंत्र थांबवील. रुग्णालयाला ते परवडणार नाही.

शेवटचा नियम मौनाचा. एखादे यंत्र गप्प आहे, म्हणजे तेथे काही घडत नाही, असे मानू नये. प्रत्येक यंत्राने ठराविक वेळाने 'मी आहे' एवढे तरी कळवावे. न कळवल्यास मध्यवर्ती यंत्राने हाक मारावी.

भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत अशा नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले आहे. पण जी नोंद पोचलीच नाही, ती जपणार कशी? नोंदवहीतील कोऱ्या पानाचा फायदा चोराला होतो, आणि संशय मात्र त्या वेळी खुर्चीवर बसलेल्या निरपराध कारकुनावर येतो. नोंद जपायची ती चोर पकडण्यासाठी, तशीच त्याच्यासाठीही.