जुने छतपंखे : काही ओळखी, काही फसगती

नाणी, तिकिटे, फार तर जुन्या पोथ्या जमवणारे विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात आहेत. जुने छतपंखे जमवणारा मात्र माझ्या माहितीत मी एकटाच. 'जमवणारा' हा शब्दही जरा मोठाच झाला. आमच्या भाड्याच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, तेथे पंखे कोठे ठेवणार? प्रत्यक्ष पंखे माझ्याजवळ तीन आहेत. बाकीचे वहीत आहेत. परभणी, मानवत, सेलू आणि पूर्णा या गावांत पाहिलेल्या एकेचाळीस पंख्यांची टिपणे त्या वहीत आहेत व त्यांच्याच आधाराने हा लेख लिहीत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी, विजेचे शास्त्र शिकलेलो नाही. चुका असतील त्या जाणकार प्राध्यापकांनी अवश्य दाखवाव्यात.

या नादाचे मूळ आमच्या घरातच आहे. माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) परभणीत एका भंगाराच्या दुकानी कामाला आहेत. भंगारात आलेले पंखे आणि मोटारी फोडून तांबे, लोखंड, अल्युमिनियम वेगवेगळे काढायचे, हे त्यांचे काम. तांब्याचा भाव लोखंडाच्या वीसपट तरी असतो. त्यामुळे पंखा कितीही जुना आणि कितीही देखणा असो, दुकानात आला की छिन्नी-हातोड्याखाली जातो. दहावीच्या सुट्टीत मीही अण्णांच्या हाताखाली पंखे फोडले आहेत. आज जे शोधत हिंडतो ते एके काळी मीच फोडले, हे आधी सांगून टाकलेले बरे.

घरात आणखी एक गोष्ट सांगितली जाते. निजामी अमलात माझे पणजोबा कचेरीत पंखा ओढायला होते. छताला आडवी लाकडी दांडी, तिला कापडाची झालर, आणि दोर भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात. आत साहेबाला वारा, बाहेर ओढणाऱ्याला घाम. दुपारी डोळा लागू लागला की पणजोबा दोर पायाच्या अंगठ्याला बांधून पाय हलवीत राहत, असे आजी सांगते. तिकडे अमेरिकेत शिवणयंत्रांच्या कामात मुरलेल्या फिलिप डील नावाच्या यंत्रज्ञाने १८८० च्या दशकातच विजेची मोटार छताला टांगून तिला पाती लावली होती. (आपल्याकडेही 'उषा' या एकाच नावाने शिवणयंत्र आणि पंखा दोन्ही घरात आले, हा एक गमतीचा योग.) पुढे कचेरीत विजेचा पंखा बसला आणि पणजोबांची चाकरी गेली. त्या पंख्याची कंपनी कोणती होती हे आजीला ठाऊक नाही. कदाचित तेच शोधायला मी निघालो असेन. असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. जुना पंखा समोर आला की नवखा माणूस प्रथम पाटी शोधतो. मोटारीच्या डब्यावर रिव्हेटने ठोकलेली पितळेची किंवा अल्युमिनियमची लहान पाटी असते. ती वाचता आली तर खरोखरच पुष्कळ कळते. उदाहरणार्थ, कंपनीचे नाव. इंग्लंडातील क्रॉम्प्टन आणि पार्किन्सन या दोन कंपन्या १९२७ साली एक झाल्या आणि भारतात १९६६ साली 'क्रॉम्प्टन ग्रीव्हज' हे नाव आले. तेव्हा पाटीवर 'क्रॉम्प्टन पार्किन्सन' असेल तर तो पंखा साधारणपणे या दोन सालांच्या दरम्यानचा धरावा. यातील मूळ क्रॉम्प्टनसाहेब तरुणपणी हिंदुस्थानात लष्करी नोकरीत होते व येथे वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील गाड्यांचे प्रयोग त्यांनी केले होते. 'जी.ई.सी.' या अक्षरांनी मात्र पुष्कळांची फसगत होते. ही इंग्लंडची जनरल इलेक्ट्रिक कंपनी, अमेरिकेची 'जी.ई.' ती वेगळी. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही.

दुसरी खूण मापाची. पाटीवर ४८ इंच, ५६ इंच असे असेल तर पंखा जुना. १२०० मिलिमीटर, १४०० मिलिमीटर असेल तर नंतरचा. दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा, आणि कारखान्यांत ती मापे रुळली साठच्या दशकात. दुकानात मात्र अजूनही 'अठ्ठेचाळीसचा' आणि 'छप्पनचा' असेच म्हणतात, म्हणून तोंडी माहितीवर विसंबू नये. तिसरी खूण विजेच्या आवर्तनांची. जुन्या पाटीवर 'सायकल्स' हा शब्द असतो. 'हर्ट्झ' हे नाव आंतरराष्ट्रीय परिमाणांत १९६० साली स्वीकारले गेले आणि आपल्या पाट्यांवर त्यानंतर आले. 'आय.एस. ३७४' हा आकडा दिसला तर तो छतपंख्यासाठी ठरवलेल्या भारतीय मानकाचा क्रमांक. ज्या भारतीय मानक संस्थेने हे मानक केले ती १९४७ ची, म्हणजे असा पंखा स्वातंत्र्यानंतरचा हे नक्की झाले. गावाचे नावही उपयोगी पडते. पाटीवर बॉम्बे असेल तर बहुधा १९९५ च्या आधीची, कलकत्ता असेल तर बहुधा २००१ च्या आधीची. बहुधा एवढ्याचसाठी म्हणतो, की कारखान्यात जुन्या पाट्या शिल्लक असल्या तर त्या कोणी फेकून देत नाही.

एवढे शिकल्यावर मला वाटू लागले, की पंखे ओळखण्याची विद्या आपल्याला साधली. अण्णांना इंग्रजी वाचता येत नाही, मला येते. आता मी त्यांना सांगायचे, असाही एक ताठा मनात आला होता. तो कसा उतरला ते सांगतो.

गेल्या वर्षी दुकानात मुंबईच्या मालातून एक पंखा आला. काळा, बिडाचा, उंच डब्याचा. तराजूवर चौदा किलो भरला. (आजचा पंखा चार-पाच किलोंचा असतो.) पाटीवर रंगाचे तीन-चार थर होते, नखाने खरवडल्यावर '२२० व्होल्ट' एवढेच वाचता आले. मालकांनी तांब्याच्या आणि बिडाच्या हिशेबाने पंधराशे सांगितले. परीक्षेच्या फॉर्मसाठी ठेवलेले पैसे माझ्या खिशात होते. ते मी दिले.

अण्णांनी पंखा उचलून पाहिला, बोटाने एक फेरा दिला, कान लावला आणि म्हणाले, "लेका, हे घरच्या लायटीवर चालनार नाही. डीशीचा हाय. डबा कसा उंच हाय बग, कार्बनाची बिळं हायती दोन्ही अंगाला."

मी म्हणालो, "अण्णा, पाटीवर २२० लिहिलंय. घरातली लाईट २३० ची. दहाचाच फरक आहे."

खोलीवर आणून आढ्याच्या कडीला टांगला आणि बटण दाबले. पंखा फिरला नाही. नुसता घुमू लागला, मग बिळाशी निळ्या ठिणग्या उडाल्या आणि वार्निश जळाल्याचा वास खोलीभर पसरला. अण्णांनी उठून बटण बंद केले. "म्या आधीच म्हनलो व्हतो," एवढेच ते बोलले. फॉर्मचे पैसे दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांकडून उचल घेऊन दिले. ती उचल चार आठवडे पगारातून कापली गेली. हे येथे लिहावे की नाही असा विचार केला. पण पंखे जमवायला पैसे लागतात आणि ते कोणाच्या तरी पोटातून येतात, हेही या विषयाचाच भाग आहे.

झाले होते ते असे. आपल्या घरात येणारी वीज एसी असते, म्हणजे तिची दिशा सेकंदाला शंभरदा उलटसुलट होते. डीसी एकाच दिशेने वाहते. हिंदुस्थानातील मोठ्या शहरांत वीज प्रथम आली तेव्हा पुष्कळ ठिकाणी ती डीसी होती. कलकत्त्यात १८९९ साली सुरू झालेला पुरवठा डीसीचाच. तेथील पंख्यांना कार्बनचे ठोकळे लागत, आणि ते बदलण्यासाठी डब्याच्या दोन बाजूंना पेचाची झाकणे असत. हीच अण्णांची 'बिळं'. कार्बन ज्याच्यावर घासतात ती तांब्याच्या पट्ट्यांची फिरकी आत बसवायची म्हणून डबा उंच. पाटी पूर्ण वाचता आली नाही तरी या दोन खुणांवरून डीसी पंखा दहा हातांवरून ओळखता येतो. पुढे विज्ञान शाखेच्या एका सरांनी मला रेक्टिफायर जोडून दिला. त्यातून २३० व्होल्ट एसीचे सरासरी २०७ व्होल्ट डीसी मिळतात, आणि पंखा आता संथपणे, जवळजवळ आवाज न करता फिरतो. रंग काढल्यावर पाटी निघाली : क्रॉम्प्टन पार्किन्सन, इंग्लंडची बनावट. हे काम कोणी माहितगाराशिवाय करू नये, विजेशी खेळ नाही.

त्या दिवसापासून वहीचा क्रम मी बदलला. आधी वजन, मग डबा, मग पाती, मग आतील तारा, आणि पाटी शेवटी. पाटी बदलता येते, रंगवता येते; अंग बदलणे अवघड.

पात्यांविषयी एक अनुभव आहे. आपल्याकडे देवळात, शाळेत पंखा दान देण्याची रीत आहे व पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असे रंगवून सालही घालतात. संशोधकाला याहून सोयीचे काय? आमच्या गावच्या मारुतीच्या देवळातील पंख्यावर १९६८ साल पाहून मी मोठ्या आनंदाने टिपण केले. अण्णा म्हणाले, पेच बघ. पेच आजचे, मिलिमीटरच्या पान्याने फिरणारे. जुन्या पंख्याचे पेच इंची आट्यांचे असतात, त्यांना हा पाना बसत नाही. पुजाऱ्यांनी सांगितले, की मोटार जळाल्यावर नवीन आणली, पण नाव पुसायला कोणी धजेना, म्हणून पाती तीच ठेवली. टिपण खोडले. पण तो पंखा मला आवडतो.

आतील तारांचे ज्ञान रिवाईंडिंगवाल्यांकडे आहे. जुन्या तारेवर सुताचे वेटोळे असते, नंतरच्या तारेवर नुसते चकचकीत इनॅमल. ते पंखा ओळखतात तो गुंडाळ्यांच्या संख्येवरून : बारा-बारा, चौदा-चौदा, सोळा-सोळा, अठरा-अठरा. याचा अर्थ मला फार उशिरा कळला. पन्नास आवर्तनांच्या विजेवर सहा हजारांना या संख्येने भागले, की मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे होऊ शकतात ते निघते. चौदाच्या पंख्याला ४२८, अठराच्या पंख्याला ३३३. प्रत्यक्षात त्याहून काही कमी. म्हणून अठराचा मोठा पंखा डुलत डुलत फिरतो, आणि बाराचा लहान पंखा घाई करतो. स्टेशन रोडवरील कारागीर हे भागाकार न करता बोटांवर सांगतात.

रेग्युलेटर हा सर्वांत दुर्लक्षित भाग. काळ्या बेकेलाईटचा गोल डबा, आत तारेचे वेटोळे, वर पाच टप्प्यांचा खटका. पंखा हळू केला की उरलेली वीज त्या वेटोळ्यात उष्णता होऊन जाते. म्हणूनच तो डबा हाताला गरम लागे. पंखा विकताना लोक तो भिंतीवरच विसरतात आणि जोडी कायमची फुटते. माझ्या एकेचाळीसपैकी केवळ सहा पंख्यांना स्वतःचा रेग्युलेटर आहे.

पूर्णा जंक्शनकडे गेलो तेव्हा एकाने रेल्वेच्या डब्यातील जाळीचा पंखा मिळवून देतो असे सांगितले. तो मी वहीतही घेतला नाही. एक तर डब्यातील पंखे ११० व्होल्टचे असतात, घरी लावले तर जळतात. आणि दुसरे म्हणजे रेल्वेची मालमत्ता बाळगणे हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे.

जुने पंखेच वापरावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. १ जानेवारी २०२३ पासून छतपंख्यांवर वीजबचतीच्या ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली आहे. जेथे जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो तेथे नव्या प्रकारचा तीस-पस्तीस वॅटांत भागवतो. परभणीच्या मे महिन्यात रात्रंदिवस पंखा चालतो. विजेचे बिल भरणाऱ्याने नवाच घ्यावा. आईच्या खाटेवर मीही नवाच लावीन. पण यामुळे झाले असे, की वाड्यांतून, आडतीच्या गाद्यांवरून जुने पंखे भराभर उतरू लागले आहेत, आणि अण्णांच्या हातोड्याला गेल्या दोन वर्षांत उसंत नाही. त्यांना काम आहे म्हणून आमचे घर चालते, माझी फी भरली जाते. हा गुंता मला सोडवता आलेला नाही.

आम्ही दोघांनी त्यातून एवढेच ठरवले आहे. वेगळा पंखा आला की अण्णा तो ढिगाच्या मागे सरकवतात. संध्याकाळी मी जाऊन वजन, डबा, पाती, पेच, पाटी यांची टिपणे घेतो, फोटो काढतो. मग तो फुटतो. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुना पंखा उतरवला जाणार असेल, तर भंगारात देण्यापूर्वी मला अर्धा तास पाहू द्यावा. रेग्युलेटरही भिंतीवरून काढून ठेवावा. विकत घेण्याची ऐपत माझी नाही.

हा लेख लिहून होत असतानाच अण्णांनी गुरुवारी एक पंखा मागे सरकवला आहे. पाटी नाही, पाती लाकडाची, चार. लाकडी पात्यांचा पंखा माझ्या वहीत अद्याप एकही नाही. मालक शनिवारपर्यंत थांबायला तयार आहेत.