होडी आतून कुजते

2005, 2019, 2021. प्रत्येक महापुरानंतर आमच्या पेठ वडगावच्या आसपास कुणी ना कुणी घरीच होडी करायला घेतो. पूर्वी पुरात गुळाची काहील होडीसारखी पाण्यात सोडायचे. आता प्लायवुड आणि इपॉक्सी दुकानात मिळतं. सुतारकामाची आवड म्हणून अशा होड्या माझ्याकडं दुरुस्तीला येतात. दुखणं बहुतेक एकच. बाहेरून तुकतुकीत, पण आत तळाशी बोट दाबलं की लाकूड भुसभुशीत.

लोक बाहेरच्या अंगावर जीव ओततात, कारण ते नदीत असतं. होडीला खाते ती मात्र आत साचलेल्या पावसाच्या पाण्यावरची बुरशी. कोकणात खारं पाणी बुरशीला आवर घालतं, तिथं लाकूड पोखरणाऱ्या जिवांचा त्रास निराळा. आमच्या वारणा नदीकाठी ती सोय नाही. शिवाय आपली होडी वर्षभर गोठ्यामागं उताणी पडलेली, पोटात पाला आणि पाणी. पालथी ठेवायला काय जातं, देव जाणे.

म्हणून रंगाच्या आधी कडा बघा. प्लायच्या कापलेल्या कडा, फासळ्यांची टोकं, स्क्रूची भोकं हीच पाणी पितात. तिथं पातळ इपॉक्सी दोन-तीनदा जिरवा. तळ आणि बाजू जुळतात त्या कोपऱ्यात इपॉक्सीत लाकडाची बारीक भुकटी कालवून गोलसर भराव द्या, म्हणजे पाणी अडत नाही आणि फडकंही फिरतं. फासळ्यांखाली पाणी वाहायला ठेवलेल्या खाचा मात्र भरावात बुजवू नका. हे फार जण करतात.

काम संक्रांत ते पाडवा या कोरड्या दिवसांत उरका. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि वार्निश धरत नाही. तो आधी पाण्यानं घासून धुवा, वाळू द्या, मगच पॉलिश पेपर मारा. इपॉक्सीचा हात द्यायचा तो उन्हं उतरल्यावर. सकाळी दिला तर तापत्या लाकडातली हवा फुगून वर येते आणि सगळीकडं फोड उठतात. कालवलेलं इपॉक्सी मगात साठवू नका, तापून धुरकटतं. पसरट ताटलीत ओता. वर वार्निश हवंच, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. पाय ठेवायच्या जागी आरशासारखी चमक नको; ओल्या थरावर चाळलेली वाळू भुरभुरा.

दोन्ही टोकांचे हवाबंद कप्पे बंद करण्याआधी आतून रंगवा आणि वाळवण्यासाठी उघडणारं झाकण ठेवा. त्यात थर्माकोल भरणार असाल तर पॉलिएस्टर रेझिन त्याच्या जवळपास नको, ते त्याला विरघळवतं. कप्पे आहेत म्हणून जास्त माणसं घेऊ नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं नेणारी बोट उलटून जीव गेले. घरची होडी ही बचावाची बोट नव्हे.

इपॉक्सी नको असेल, तर जुन्या पेंटरांचं बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, मलाही आवडतं. दरवर्षी नवा हात देता येतो. पण तेलाच्या चिंध्यांचा बोळा भुशात टाकू नका, तो आपोआप पेटतो. माझ्या ओळखीतल्या एकाची शेड अशानंच काळी झालीय. चिंध्या पाण्यात बुडवा, नाहीतर तारेवर एकेक सुटी पसरा.